मुलकी, परमिट आणि नात्याची हमी

परदेशात कायम राहण्याची अनुमती मिळालेल्या माणसाला तेथील सरकार एक कार्ड देते आणि त्या कार्डावर एक तारीख छापलेली असते. मुलाजवळ चार-सहा वर्षे राहून गावी आलेले आईवडील आजारपणामुळे, शेतीच्या वाटणीमुळे अथवा घरातील एखाद्या मृत्यूमुळे इकडेच अडकून पडतात आणि ती तारीख उलटून जाते. मग घरात एकच चर्चा सुरू होते. कार्ड गेले म्हणजे हक्कही गेला काय? आणि गेला असेल, तर मुलाच्या नात्याने तो पुन्हा मिळेल काय?

प्रश्न आजचा वाटतो. परंतु परभणी जिल्ह्याच्या इतिहासात तो शंभर वर्षांहून जुना आहे. या भागातील माणसाला प्रथम निजामाच्या दरबारापुढे, नंतर फाळणीनंतरच्या भारत सरकारपुढे आणि आता दूरदेशीच्या वकिलातींपुढे, आपण कोठले आणि कोणाच्या नात्याने तेथले, हे सिद्ध करावे लागले आहे.

या तिन्ही काळांकडे पाहताना वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. काही कायद्यांत कागद हा हक्काचा केवळ पुरावा असतो. कागद जुना झाला, गहाळ झाला, तरी हक्क जागच्या जागी राहतो. काही कायद्यांत मात्र कागद हाच हक्क असतो. त्याची मुदत सरली की माणूस एका रात्रीत परका होतो. आपल्या हातातील कागद यांपैकी कोणत्या जातीचा आहे, हे वेळीच न ओळखल्यामुळे पुष्कळ कुटुंबांची ताटातूट झाली आहे. नात्याची हमी कोठे तारते आणि कोठे अपुरी पडते, हेही बव्हंशी याच भेदावर अवलंबून असते.

मुलकी कोणास म्हणावे?

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच मोडत असे. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. हिंगोली-कळमनुरीच्या बाजूने उत्तरेस पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे. वऱ्हाड नावापुरते निजामाचे असले, तरी १८५३ च्या तहापासून तेथील कारभार इंग्रजांकडे होता. त्यामुळे नदीच्या अलीकडे उर्दू कचेरी, हाली शिक्का आणि करोडगिरीचे नाके, तर पलीकडे कलदार रुपया आणि इंग्रजी कायदा, अशी स्थिती होती. भाषा, देवधर्म, शेती आणि सोयरीक मात्र दोन्ही तीरांवर सारखीच.

राज्यात बाहेरच्यांचा प्रश्न उभा राहिला तो पहिल्या सालारजंगांच्या काळी. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाणगिरी करणाऱ्या या कर्तबगार गृहस्थांनी कारभार सुधारण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली. मोहसिन-उल्-मुल्क, चिराग अली, सय्यद हुसेन बिलग्रामी ही त्यांतील ठळक नावे. त्यांच्यामागून त्यांचे आप्तेष्ट आले आणि सरकारी जागा भराभर त्यांच्याकडे जाऊ लागल्या. साहजिकच राज्यातील जुन्या घराण्यांत असंतोष माजला. जे मुलखातले ते मुलकी आणि जे बाहेरचे ते गैरमुलकी, हा भेद तेव्हापासून कचेऱ्यांत आणि घराघरांत बोलला जाऊ लागला.

१९१९ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने या भेदाला नियमांचे रूप मिळाले. जो मुलकी नाही, त्याला निजामांच्या खास मंजुरीवाचून राज्याच्या नोकरीत घ्यावयाचे नाही, असे ठरले. मुलकी नसलेल्यास राज्यात राहता येत नव्हते असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्या प्रदेशात उद्योगधंदे तुरळक आणि सरकारी चाकरी हाच सुशिक्षिताचा आधार, तेथे मुलकी असणे म्हणजे खऱ्या अर्थाने इथला असणे होते.

मुलकी होण्याचे मार्ग नियमांत चार सांगितले होते. ज्याचा बाप त्याच्या जन्मसमयी मुलकी होता, तो जन्माने मुलकी. ज्याच्या बापाने सरकारी नोकरीची १५ वर्षे पुरी केली होती आणि मुलाच्या जन्मावेळी जो नोकरीत होता, त्याचे ते मूलही मुलकी. ज्याने राज्यात किमान १५ वर्षे कायम वास्तव्य केले, आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडला आणि तसे शपथपत्र दंडाधिकाऱ्यासमोर करून दिले, तो वास्तव्याने मुलकी. आणि चौथा मार्ग असा की, मुलकी पुरुषाची पत्नी ती मुलकी.

या चौथ्या मार्गाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. वाशिम वा रिसोडकडील एखादी मुलगी लग्न होऊन पैनगंगेच्या अलीकडे हिंगोलीत वा जिंतुरात नांदावयास आली, की बाहेरून आलेल्या पुरुषाला ज्यासाठी १५ वर्षे काढावी लागत, ते तिला लग्नाच्या दिवशीच प्राप्त होई. राज्याने येथे एक गोष्ट मान्य केली होती. माणूस एखाद्या भूमीचा होतो तो वर्षे मोजून होतो, तसाच नात्यानेही होतो.

या व्यवस्थेतील कागद पुराव्याच्या जातीचा होता. शपथपत्र वा दाखला हा जन्माची, वास्तव्याची वा विवाहाची साक्ष देई; जी गोष्ट घडून गेली आहे, तिला मुदत कसली? मात्र व्यवस्थेत दोषही होते. वंश मोजला जाई तो बापाकडून. आईच्या नात्याला तेथे स्थान नव्हते. शिवाय, 'आपला' कोण हे ठरविण्यासाठी केलेल्या नियमांचा उपयोग हळूहळू शेजाऱ्याला 'परका' ठरविण्यासाठी होऊ लागला. १९५२ च्या सप्टेंबरात हैदराबाद शहरात गैरमुलकींविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नोकरीसाठी वास्तव्याची अट घालणारे असे नियम संसदेच्या १९५७ च्या कायद्याने आपल्याकडे मोडीत निघाले. तेलंगणात मात्र त्यांचा वाद १९७० च्या दशकापर्यंत न्यायालयांत आणि रस्त्यांवर चालू राहिला. त्या जुन्या आकड्याचा एक योगायोग आजही आढळतो. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला काढावयास गेले की १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते.

नदी ओलांडणारे आणि सीमा ओलांडणारे

१९४७-४८ चे वर्ष मराठवाड्याला फार कठीण गेले. रझाकारांच्या जाचामुळे असंख्य कुटुंबे घरदार सोडून वऱ्हाडात आणि नगर-सोलापूरकडे गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. पळालेली माणसे परतली. परतताना त्यांना कोणी परवाना विचारला नाही. नदीला उतार मिळाला, बैलगाडी जुंपली, आणि माणूस आपल्या ओसरीवर येऊन बसला.

परंतु त्याच काळात दुसरीही माणसे घर सोडत होती. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्याच्या काही भागांत मुसलमान वस्त्यांवर भयंकर अत्याचार झाले; त्यांची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठविले होते. भीतीने, आप्तांच्या ओढीने अथवा नव्या राष्ट्राच्या आशेने काही लोक पाकिस्तानात गेले. त्यांतील कित्येकांचे मन तेथे रमेना. घर इकडे, वृद्ध आई इकडे, पत्नी इकडे. त्यांना परत यावयाचे होते. पण त्यांच्या वाटेत आता परमिट उभे होते.

१९ जुलै १९४८ पासून एका वटहुकुमाने पश्चिम पाकिस्तानातून भारतात येण्यासाठी परवाना सक्तीचा झाला. पुढे १९४९ मध्ये त्याचा कायदा झाला. परवान्यांचे प्रकार होते. तात्पुरत्या भेटीचा परवाना ठरावीक मुदतीचा असे. कायम परतीचा आणि पुनर्वसनाचा परवाना वेगळा. तो मिळणे दुरापास्त. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदात या कागदाला फार मोठे वजन मिळाले. १ मार्च १९४७ नंतर जो स्थलांतर करून पाकिस्तानात गेला, तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही. मात्र जो कायम परतीच्या वा पुनर्वसनाच्या परवान्यावर परत आला, त्याला नागरिकत्वाची वाट खुली राहील, असे तेथे म्हटले आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत या सवलतीवरून कडाक्याची चर्चा झाली. गेलेल्याला परत घ्यावयाचेच कशासाठी, असे काही सभासदांचे म्हणणे होते. पंडित नेहरू आणि गोपालस्वामी अय्यंगार यांनी सवलतीची बाजू लावून धरली.

वाचकांनी दोन कुटुंबांची कल्पना करावी. एकाच गावची, एकाच वर्षी, एकाच भीतीने घर सोडलेली. एकाने नदी ओलांडली, दुसऱ्याने सीमा ओलांडली. पहिल्याचे परत येणे ही घरवापसी ठरली आणि दुसऱ्याचे परत येणे हा अर्जाचा विषय झाला. मुलकीच्या काळी कागद हा घडलेल्या गोष्टीची साक्ष होता. परमिटच्या काळी कागद हाच हक्क झाला. तात्पुरत्या परवान्यावर आईला भेटावयास आलेला मुलगा मुदतीच्या शेवटच्या दिवशी आपल्याच गावात परदेशी ठरू लागला.

हीच गोष्ट वेगळ्या रीतीने अरबांच्या वाट्याला आली. निजामाच्या फौजेत आणि जमीनदारांच्या पदरी अरब शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १९४८ नंतर अरब आणि पठाण यांना त्यांच्या मूळ देशी परत पाठविण्याचे धोरण सरकारने अवलंबिले. त्यांतील कित्येकांचा जन्म हैदराबाद राज्यातच झालेला, विवाह येथील स्त्रियांशी झालेले, मुले दखनी बोलणारी. जुन्या मुलकी मापाने मोजले असते, तर अशी माणसे बहुधा इथलीच ठरली असती. माप बदलले आणि नाते तेथेच राहिले.

एका पत्नीचा दावा

परमिटच्या कायद्यापुढे लग्नाचे नाते किती टिकते, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला तो १९५५ साली, बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग या खटल्यात. गया जिल्ह्यातील एका जमीनदार घराण्यातील स्त्री जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. डिसेंबर १९४८ मध्ये ती तात्पुरत्या परवान्यावर भारतात आली आणि त्याची मुदत संपल्यावर एप्रिल १९४९ मध्ये परत गेली. इकडे तिची मालमत्ता निर्वासितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पुढे तिने कायमचा परवाना मिळविला आणि मे १९५० मध्ये ती परत आली. परंतु दोनच महिन्यांत तो परवाना रद्द करण्यात आला, कारण तो देताना आवश्यक ती संमती घेतलेली नव्हती.

तिच्या बाजूचा युक्तिवाद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पती भारतात आहे, पतीचा अधिवास तोच पत्नीचा अधिवास. मग पत्नी परकी कशी? न्यायालयाने तो मानला नाही. सातवा अनुच्छेद हा पाचव्या अनुच्छेदावर मात करणारा आहे. स्थलांतर घडले असेल, तर पतीच्या अधिवासाने ते पुसले जात नाही, असा निर्णय झाला. मुलकीच्या नियमांत लग्नाने जे आपोआप मिळत असे, ते येथे लग्नाने राखताही आले नाही.

न्यायालये सर्वस्वी कठोर होती असेही नव्हे. १९५४ मध्ये इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाने परमिट कायद्याचे सातवे कलम नागरिकांपुरते घटनाबाह्य ठरविले. भारताच्या नागरिकाला केवळ संशयावरून, परवान्याचा नियम मोडला एवढ्याच कारणाने, देशाबाहेर घालविता येणार नाही, असे बहुमताने सांगितले गेले. म्हणजे जो नागरिक आहे, त्याच्या बाबतीत कागद पुन्हा पुराव्याच्या जागी आला. जो नागरिक ठरला नाही, त्याच्यासाठी मात्र तो हक्कच राहिला.

परमिटची पद्धत १९५२ मध्ये बंद झाली आणि पारपत्र व व्हिसा आले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने नात्याचा मार्ग थोडा पुन्हा उघडला. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या अथवा पूर्वी झालेल्या स्त्रियांना नोंदणीने नागरिकत्व मिळू लागले. म्हणजे विधवेलाही दार खुले होते. १९८६ च्या दुरुस्तीने हा हक्क पतीलाही मिळाला, परंतु पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. पुढे ती सात वर्षांची झाली. नाते असले तरी वर्षे मोजावीच लागतील, असे आजच्या कायद्याचे धोरण आहे.

सीमेपलीकडून लग्न होऊन आलेल्या स्त्रियांना ही वर्षे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर काढावी लागतात. मूळची भारतातली, पाकिस्तानात दिलेली आणि वैधव्यामुळे वा घटस्फोटामुळे निराधार होऊन माहेरी परतलेली स्त्रीही या व्हिसास पात्र धरली जाते. येथे माहेर हेच तिचे हमीदार. अशा घरांत व्हिसाच्या तारखेला काय महत्त्व असते, हे एप्रिल २०२५ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. २२ एप्रिलच्या पहलगाम येथील निर्घृण हल्ल्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते. तरीही अटारीच्या नाक्यावर आईचे पारपत्र एका देशाचे आणि मुलांचे दुसऱ्या देशाचे, अशी कुटुंबे ताटकळत उभी होती. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर असतो, यात शंका नाही. त्याचा भार मात्र बहुतेक वेळा ज्याच्या कागदाची मुदत सर्वांत तोकडी, त्याच्याच खांद्यावर येतो.

गोव्यातील एक धर्मगुरू

पाकिस्तानच्या सीमेपुरताच हा प्रश्न मर्यादित नव्हता. आपल्या शेजारच्या गोव्यातही तो उद्भवला, आणि तेथे त्याच्या मध्यभागी एक कॅथलिक धर्मगुरू होते.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने, जो स्वतः अथवा ज्याचे आईवडील वा आजी-आजोबा यांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मले होते, तो भारताचा नागरिक मानला गेला. हा आदेश नात्याच्या दृष्टीने फार उदार होता. आजीच्या जन्मानेही नातू नागरिक ठरत होता. मात्र ज्याला आपले पूर्वीचे नागरिकत्व राखावयाचे असेल, त्याने एका महिन्यात तसे लेखी कळवावे, अशी सवलत होती.

रेव्हरंड मॉन्सिन्योर सेबास्तियन मोंतेरो यांनी तसे कळविले आणि ते पोर्तुगीज नागरिक राहिले. त्यांना वास्तव्याचा तात्पुरता परवाना मिळाला. त्याची मुदत १३ नोव्हेंबर १९६४ रोजी संपली. त्यांनी नूतनीकरण मागितले नाही. १९६५ मध्ये त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. तो त्यांनी मानला नाही. खटला होऊन ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड अशी शिक्षा झाली. जीनिव्हा करारांचा आधार घेऊन ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परंतु २६ मार्च १९६९ रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने त्यांचे अपील फेटाळले. गोवा भारतात विलीन झाल्यावर परकीयांविषयीचा भारताचा कायदा तेथे लागू आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

मोंतेरो यांच्या राजकीय निष्ठेविषयी कोणाचे काय मत असावे, हा वेगळा विषय. कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर नात्याने जे दार त्यांच्यासाठी उघडले होते, ते त्यांनी आपल्या सहीने लावून घेतले होते. आणि धर्मगुरूला पत्नी नाही, मूल नाही. विवाहाच्या वा अपत्याच्या नात्याने परत येण्याची जी वाट संसारी माणसाला असते, ती त्याला नसते. ज्याच्यासाठी कोणी हमी देणारे नाही, त्याने तारखेकडे अधिक जागरूकतेने पाहावे लागते.

आजचे कार्ड

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांत कायम वास्तव्याचे कार्ड साधारणतः पुराव्याच्या जातीचे असते. अमेरिकेचे ग्रीन कार्ड बहुधा दहा वर्षांचे आणि कॅनडाचे पाच वर्षांचे असते. त्याची मुदत संपल्याने केवळ तेवढ्याच कारणाने हक्क संपत नाही. नवीन लग्नाच्या आधारावर मिळालेले अमेरिकेचे दोन वर्षांचे सशर्त कार्ड हा याला महत्त्वाचा अपवाद आहे. तेथे शर्त उठविण्याचा अर्ज वेळेत न केल्यास दर्जाही जातो.

हक्क जातो तो दीर्घ अनुपस्थितीने. कॅनडात दर पाच वर्षांत ७३० दिवसांचे वास्तव्य दाखवावे लागते. अमेरिकेतून एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास केवळ कार्ड दाखवून परत प्रवेश मिळत नाही. त्यासाठी आधी पुनःप्रवेशाचा परवाना काढलेला असावा लागतो. तो नसेल आणि आपल्या हाताबाहेरच्या कारणाने, उदाहरणार्थ गंभीर आजाराने, परतणे लांबले असेल, तर परतणाऱ्या रहिवाशाचा खास व्हिसा मागता येतो. विलंबाचे कारण त्यात पुराव्यानिशी पटवून द्यावे लागते.

हेही न साधल्यास नात्याची वाट उरते. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने वंश आणि राष्ट्र पाहून कोटा देण्याची जुनी पद्धत टाकली आणि कुटुंबाच्या एकत्रीकरणाला अग्रस्थान दिले. नागरिक असलेली पत्नी वा पती, तसेच २१ वर्षे पूर्ण केलेले नागरिक अपत्य आपल्या आईवडिलांसाठी अर्ज करू शकते आणि अशा अर्जांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. भावंडांच्या अर्जाला मात्र वर्षानुवर्षांची रांग आहे. कॅनडातही जोडीदार हमी देऊ शकतो. परंतु जुना दर्जा कायद्याने अजून शिल्लक असेल, तर तो आधी रीतसर सोडून द्यावा लागतो, कारण जो रहिवासी आहेच त्याला नव्याने रहिवासी करता येत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपले नेमके काय संपले आहे, कार्ड की हक्क, हे जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावे. कार्डाच्या नूतनीकरणाने जे काम भागले असते, त्यासाठी हक्कच सोडून बसण्याची वेळ येऊ नये.

येथे 'हमी' या शब्दाचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. १९९६ च्या कायद्यापासून अमेरिकेत हमीदाराने दिलेले आधारपत्र हा न्यायालयात बजावता येणारा करार आहे. कॅनडात जोडीदाराची हमी तीन वर्षांची असते आणि आईवडिलांची, क्वेबेक प्रांत सोडल्यास, वीस वर्षांची. मुलगा सही करतो तेव्हा तो आईच्या औषधपाण्याची आणि अन्नवस्त्राची जबाबदारी राज्यापुढे लिहून देत असतो. आणि हे नाते सिद्ध होते ते जन्माच्या, विवाहाच्या नोंदींवरून. धर्मग्रामाच्या नोंदवहीत आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यात नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव वा जन्मतारीख वेगवेगळी असेल, तर ती दुरुस्ती आज करून घ्यावी. परदेशी कचेरीने विचारल्यावर धावाधाव करण्यात महिने जातात, आणि म्हाताऱ्या माणसाजवळ महिने फार नसतात.

वेशीवरचा व्यवहार

परत येणे आणि नात्याची हमी यांची एक फार जुनी कथा आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. दुष्काळात बेथलेहेम सोडून नामी आपल्या पती आणि दोन मुलांसह मवाब देशी गेली. सुमारे दहा वर्षांनी ती परतली तेव्हा पती आणि दोन्ही मुले गेलेली होती. बरोबर होती ती परदेशी सून रूथ. कुटुंबाची जमीन सोडविणे आणि मृताचे नाव राखणे, हा जवळच्या आप्ताचा अधिकार आणि त्याचे कर्तव्य होते. बवाजने गावाच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना साक्षीस बसविले आणि आपल्याहून जवळच्या आप्ताला प्रथम विचारले. तो जमीन घ्यावयास तयार झाला. परंतु तिच्याबरोबर रूथचीही जबाबदारी येते असे कळताच, आपल्या वतनाचे नुकसान होईल म्हणून मागे सरला. तेव्हा बवाज पुढे झाला.

मुलकीचे शपथपत्र, परमिट, व्हिसा आणि आजची आधारपत्रे ही सारी त्याच वेशीवरच्या व्यवहाराची पुढची रूपे आहेत. राज्य साक्षीदार मागते, मुदत घालते, पुरावे तपासते. तो त्याचा अधिकार आहे. परंतु ज्याची मुदत संपली आहे, त्याच्यासाठी उभे राहणारे कोणी आहे की नाही, हे राज्य ठरवीत नाही. ते घरात ठरते. मुलाने आईसाठी, माहेराने परतलेल्या लेकीसाठी, पतीने दुरून आलेल्या पत्नीसाठी ठरवावयाचे असते.

बवाजचे नाव पुढे दाविदाच्या वंशावळीत आले. जबाबदारी ऐकून मागे सरलेल्या त्या जवळच्या आप्ताचे नाव मात्र पवित्र लेखकाने कोठेही नोंदवून ठेवलेले नाही.